जांभळी चौकट

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसांचे मी दोनच प्रकार मानते. एक, ज्यांना फोटो काढायचे असतात. दुसरे, ज्यांना कॅमेरे घ्यायचे असतात. दुसऱ्यांवर माझी चूल पेटते, म्हणून त्यांना मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण हसत बोलते. नवीन मॉडेल बाजारात आलं की ह्यांच्या हाताला खाज सुटलीच. कालपर्यंत तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला कॅमेरा आज "ताई, ह्याचा फोकस जरा मंदच आहे, नाही?" म्हणत माझ्या काउंटरवर येऊन पडतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! जुने कॅमेरे आणि लेन्स घ्यायच्या, साफसूफ करायच्या, पुन्हा विकायच्या, हा माझा धंदा. वडिलांनी सुरू केला, मी ओढतेय.

शून्यकाका ह्या दोन्ही प्रकारांत बसत नव्हते.

हे नाव आमच्या दुरुस्तीवाल्याने ठेवलेलं. तो मागच्या खोलीत दिव्याखाली मान मोडून बसलेला असतो, गिऱ्हाइकांशी बोलत नाही, पण त्यांना नावं मात्र चपखल ठेवतो. काका वजनमापं तपासायच्या खात्यात होते. उभा जन्म दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात, खोटी वजनं पकडण्यात आणि खऱ्या काट्याला सील लावण्यात गेला. त्या नोकरीची एक सवय त्यांच्या हाडात मुरली होती. कुठलंही यंत्र हातातून सोडायचं, तर आधी काटा शून्यावर आणायचा. त्यांना एखादी लेन्स बघायला दिली की ती परत येताना झूम पूर्ण आखडलेला, रिंग मूळ जागी, दोन्ही टोपणं बसवलेली. बाकीचे लोक काउंटरवर लेन्स अशी टेकवतात, जशी भाजीची पिशवी टेकवावी. मला काका ह्या एका गोष्टीसाठी फार आवडायचे.

आता जे मला फार उशिरा कळलं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही. काकांच्या कॅमेऱ्यात त्यांच्या बायकोचा चेहरा होता. फोटो नव्हे, चेहरा. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांत एक सोय असते. आपल्या माणसाला समोर बसवायचं, त्याने सरळ लेन्सकडे बघायचं, आपण बटण दाबायचं, की कॅमेरा तो चेहरा आपल्या पोटात ठेवून घेतो. कार्डावर त्याचा फोटो जात नाही. मेनूत खोल कुठेतरी नखाएवढं चित्र दिसतं, बस. मग समोर कितीही गर्दी असो, इतरांच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट येते आणि आपल्या माणसाभोवती जांभळी, आणि फोकस आधी तिथे जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपलीच पोरगी अंधुक येऊ नये, ह्यासाठी केलेली ही सोय. निम्म्या लोकांना ती असते हेच ठाऊक नसतं. काकांना ठाऊक होती. काकू गेल्या, तरी त्यांचा चेहरा काकांनी कॅमेऱ्यातून काढला नव्हता.

काकूंना मी एकदाच पाहिलं, पहिला कॅमेरा घ्यायला दोघं आले होते तेव्हा. काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि काकूंच्या शब्दांत, "दिवसभर नुसते पायात पायात." म्हणून काकूंनीच त्यांना काहीतरी नाद लावून द्यायचं ठरवलं होतं. कॅमेरा चटकन ठरला. लेन्सवर मात्र घोडं अडलं. मी समजावलं, पस्तीसची घेतलीत तर अख्खी खोली मावते, पण माणूस मोठा दिसायला त्याच्या जवळ जावं लागतं. पंच्याऐंशीची घेतलीत तर लांबून चेहरा गोड येतो, पण मागे सरकायला जागा पाहिजे.

"घर लहान आहे आमचं," काका म्हणाले.

"आणि माझा चेहरा काढायचा नाहीये," काकू म्हणाल्या. "फुलं काढा, मांजरं काढा, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर काढा. माझ्या वाटेला जायचं नाही."

एवढं बजावूनही काकांनी पंच्याऐंशीचीच उचलली. हौसेला मोल नसतं, मी तरी कशाला अडवू! आठवड्याभरात लेन्स परत. झूम नसलेल्या लेन्सचं आखडायला काही नव्हतं, म्हणून टोपणांवरची धूळसुद्धा पुसून आणली होती.

"काय झालं?"

"पाठ फ्रिजला टेकते," काका म्हणाले. "तरी नुसतं डोकं आणि खांदे. ती काय करतेय ते दिसतच नाही. आणखी मागे जायचं तर जिन्यात उभं राहावं लागतं. काल राहिलो, तर खालची बाई विचारते, घराबाहेर काढलं का तुम्हाला?"

मी हसून हसून बेजार. पस्तीसची दिली. पुढची दोन-तीन वर्षं काका येत राहिले, येताना फोटो घेऊन यायचे. ओट्याशी काकू, बाल्कनीत काकू, सुईत दोरा ओवताना काकू. सगळ्या एकजात पाठमोऱ्या, नाहीतर हात आडवा. अंबाडा, मानेवरचा तीळ, कोपर. "कॅमेरा वर केला की मान वळलीच म्हणून समजा," काका सांगायचे, पण तक्रारीच्या सुरात नाही. दुसऱ्याने फुलपाखरू उडालं म्हणून सांगावं, तसं सांगायचे. "पस्तीसला जवळ जावं लागतं ना, तिला पाऊल वाजलेलं कळतं." दुरुस्तीवाला आतून म्हणायचा, ह्यांच्या घरात बाई राहते की अंबाडा?

मग काका बरेच महिने आले नाहीत. आले ते थकलेले. मी आपलं नेहमीप्रमाणे विचारलं, "काकू काय म्हणतात? अजून मान वळवतात का?"

काकांनी काउंटरवर पडलेली टोपणं एका ओळीत लावली. "ती नाही आता," म्हणाले.

मी तोंडाळ बाई. माझ्या जिभेला हाड नाही असं आईच म्हणायची. त्या वेळी मात्र मी नुसता चहा मागवला. तो दोघांच्याही समोर निवून गेला. मग त्यांनी लांबचा झूम दाखवा म्हणून सांगितलं.

"पक्षी बघायला लागलात की काय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"हो, तसंच."

"मग हा घ्या. झाडाच्या शेंड्यावरचंसुद्धा पीस दिसेल."

"एवढ्या लांबून चेहरा ओळखतो का?"

"कुणाचा, पोपटाचा?"

आत दुरुस्तीवाला फिसकन हसला. काका हसले नाहीत. लेन्स लावून ते दुकानाच्या दारात गेले. रस्त्यापलीकडे बसथांबा आहे, तिथे नेहमी दहापाच माणसं ताटकळत असतात. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. एक बस आली, माणसं चढली, नवीन माणसं आली. काकांनी एकही फोटो काढला नाही. मग झूम आखडून, टोपण लावून आत आले आणि म्हणाले, "घेतो."

तेव्हापासून दर शनिवारी हा कार्यक्रम ठरलेला. काका यायचे, दोन शब्द बोलायचे, मग दारात उभं राहून बसथांब्याकडे बघत बसायचे. मी मनात म्हणायची, ह्या माणसाचे पक्षी बसने जातात वाटतं. एकदा तर थांब्यावरचा एक गृहस्थ तरातरा रस्ता ओलांडून आला, लालबुंद. माझे फोटो का काढता, पोलिसांत देईन, वगैरे वगैरे. काका गोंधळले. मी काउंटरमागून बाहेर आले. "ओरडू नका, हे दुकान आहे, मासळीबाजार नाही," म्हटलं. "काका, दाखवा हो त्यांना कार्ड." काकांनी दाखवलं. कार्ड कोरं करकरीत. गृहस्थाने दोनदा बघितलं, मान हलवली आणि पुटपुटत गेला.

तो गेल्यावर मी विचारलं, "अहो काका, फोटो काढत नाही, मग बघता तरी काय?"

"बघतो नुसतं."

मी माझ्या कामाला लागले.

नुसतं बघूनही यंत्र झिजतं. काही काळाने काकांच्या कॅमेऱ्यातून बघायची खिडकी दोन मिनिटांत काळी पडायला लागली. मी तो मागे दिला. दुरुस्तीवाल्याने उघडला, आणि जो कधी जागचा उठत नाही तो चक्क उठून बाहेर आला. म्हणाला, "ताई, ह्याचे क्लिक बघा, फोटो किती काढलेत ते. नव्यासारखा आहे. आणि चालू करायचं बटण बघा, पार गुळगुळीत झालंय. हा कॅमेरा आहे की दुर्बीण?" सुटा भाग मिळत नव्हता. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. लांब राहणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, बाबा, नवीन घ्या, जिवाला कशाला घोर लावून घेता. म्हणून काकांनी नवीन घ्यायचं ठरवलं. त्याच कंपनीचा, पुढचा. जुन्या लेन्स त्याला चालणार होत्या.

ज्या दिवशी घ्यायला आले, त्या दिवशी जुना कॅमेरा खोक्यात घालून घेऊन आले. पुसलेला, पट्टा गुंडाळलेला, चार्जरची वायरसुद्धा दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, "काका, हा राहू द्या घरी. असा मोडका मी घेऊन तरी काय करू?"

"नाही नाही," काका म्हणाले. "एका गल्ल्यावर दोन काटे ठेवणारा दुकानदार मी कधी सोडला नाही. मग मी घरात दोन कसे ठेवू? सुट्या भागांना उपयोगी पडेल तुमच्या माणसाला."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. ह्या कॅमेऱ्यांचं सेटिंग कार्डावर उतरवून दुसऱ्यात भरता येतं, ते त्यांनी घरीच करून आणलं होतं. माहितीपुस्तिका त्यांना माझ्याहून पाठ. नव्यात कार्ड घातलं, भरलं. तारीख आली, बटणांची कामं आली, आवाज बंद केलेला होता तो बंद झाला. काकांचा चेहरा जरा सैलावला. माझं बिल लिहिणं चाललं होतं. ते मेनूत आत आत जात होते, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मग ते थांबले. बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"ताई, ह्याच्यात चेहरे कुठे असतात?"

मी बघितलं. ते बरोबर जागीच होते. रिकाम्या चौकटींच्या दोन ओळी, सगळ्या करड्या.

"इथेच असतात. पण तुम्ही भरले नाहीत अजून."

"कार्डावरून आले नाहीत?"

"चेहरे नाही येत कार्डावरून. बाकी सगळं येतं. ते ज्याच्या त्याच्या पोटातच राहतात."

काकांनी हात पुढे केला. "जुना द्या."

मी खोक्यातून काढून दिला. त्यांनी चालू केला. बघायची खिडकी बिघडली होती, पण मागचा पडदा चालत होता, त्यावर अक्षरं आली. भाषा निवडा. मग तारीख घाला. कोरा कॅमेरा पहिल्यांदा चालू केला की विचारतो, ते सगळं.

मला अजून काही उमगलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे वा, सगळं पुसून आणलंत की. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं!"

काका खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खाली गेले. म्हणाले, "सकाळी टेबलावर बसलो. कार्डावर उतरवलं. मग शून्यावर आणला."

तोंडचं पाणी पळालेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. कुणी गेल्यावर माणसं रडतात, ओरडतात. हे नुसते बोटांनी मांडीवर काहीतरी चोळत राहिले. दुरुस्तीवाला बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग काकांनी सगळं सांगितलं. एका दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी काकूंना म्हटलं होतं, फोटो नाही काढत, फोटो निघणारच नाही, नुसती कॅमेऱ्याला तुझी ओळख करून देतो. काकू म्हणाल्या, असं होय, मग द्या करून. हात पुसून स्टुलावर बसल्या. पस्तीसची लेन्स होती, काका अगदी जवळ होते. काकूंनी सरळ बघितलं. "अहो, झालं का? गॅसवर दूध आहे," म्हणाल्या. झालं होतं.

"फोटो आहेत हो," काका म्हणाले. "मुलीच्या फोनमध्ये कितीतरी आहेत, हसरे. पण त्यात ती मुलीकडे बघते. ह्यात माझ्याकडे बघत होती."

मी म्हटलं, "आणि बसथांब्यावर?"

"तिथे ती नसते, हे मला कळतं, ताई. मी खुळा नाही. पण यंत्राला कुठे माहीत आहे? ते आपलं शोधत राहतं. एक चेहरा, नाही. दुसरा चेहरा, नाही. मला बरं वाटायचं. निदान दुसरं कुणीतरी तिला शोधतंय." मग म्हणाले, "एकदोनदा आली जांभळी. कुणी बाई मान वळवायची, त्या वळणात क्षणभर. चुकायचा तो. आणि मुलगी आली होती ना मागे, तिच्यावर आली. बराच वेळ राहिली. मुलीला सांगितलं नाही मी. कशाला रडवा?"

दुरुस्तीवाला न बोलणारा माणूस. त्याने जुना कॅमेरा उचलला आणि आत गेला. त्या दिवशी त्याने दुसरं काम घेतलं नाही. पुसलेला चेहरा परत निघतो का म्हणून कंपनीच्या माणसांना फोन केले, ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांना केले. एकेकाचं उत्तर ऐकून नुसता "बरं" म्हणायचा. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "काका, मुलीच्या फोनमधल्या फोटोवरून भरू या का? पडद्यावरचा चेहराही घेतो तो कधीकधी."

"नको," काका म्हणाले. "उसन्या वजनाने काटा जुळवत नाहीत." आणि उठता उठता म्हणाले, "आधी नवा ताडून बघा, मग जुना मोडीत काढा. हे जन्मभर लोकांना सांगत फिरलो, दंड केले. आणि स्वतः काय केलं?"

नवीन कॅमेरा ते घेऊन गेले. जुना मी विकायला ठेवला नाही. सुटे भागही काढू दिले नाहीत. माझ्या खणात आहे, भाषा निवडा म्हणत.

मला वाटलं आता काका येणार नाहीत. पण शनिवारी आले. दारात नाही उभे राहिले. आत खुर्चीवर पाठ रस्त्याकडे करून बसले. "काही पुसायचं असेल तर द्या," म्हणाले. मी विकायच्या लेन्स पुढे ठेवल्या. फुंकणीने धूळ उडवायची, फडक्याने मधून बाहेर गोल पुसायचं, उजेडात धरून बघायचं. सुंदर पुसायचे. पण बघवत नव्हतं हो. घरी कुणी नाही म्हणून दुकानात यायचं, आणि दुकानातही भिंतीकडे तोंड करून बसायचं! मलाही घरी कुणी वाट बघणारं नाही, म्हणून मला ते जास्तच लागायचं. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, नवीन कॅमेरा नुसता उबवताय. घेऊन तरी या."

"आणून काय करू? बघितलं परवा खिडकीतून. सगळ्यांवर पांढरीच. दुधवाला, पोस्टमन, शाळेची पोरं, सगळ्यांना सारखी." मग जरासं हसले. "आमच्या खात्याला आवडला असता हा कॅमेरा."

असे बरेच शनिवार गेले. मग एका शनिवारी काकांबरोबर त्यांची मुलगी आली. कामासाठी ह्या बाजूला आली होती, संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. उंच, घाईतली, सतत फोन बघणारी. पण दारातून आत आली आणि मी चरकले. काकूंना मी एकदाच बघितलं होतं, तरीही. तेच कपाळ, तीच हनुवटी. "बाबा दर शनिवारी इथे येतात म्हणे," ती म्हणाली. "तुमचे आभार मानायचे होते. मला फोनवर सांगतात, फोटो छान चाललेत."

काका नवीन कॅमेरा आणि लेन्स घेऊन दुरुस्तीवाल्याकडे मागे गेले होते, रिंग जरा घट्ट फिरते म्हणून. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी मघाशीच सांगितलंय. शिवाय मला रागही आला होता. कसले छान चाललेत? मी म्हटलं, "बस इथे. तुझ्या बाबांनी एक फोटो काढलेला नाही वर्षभरात," आणि सगळं सांगून टाकलं. काकूंचा चेहरा, बसथांबा, शून्य, सगळं. तिच्यावर आलेली जांभळी चौकटही सांगितली. तिने मध्ये एकदाही फोनकडे बघितलं नाही. ऐकून झाल्यावर रुमालाने नाक पुसलं.

काका बाहेर आले. तिने एकदम म्हटलं, "बाबा, ह्याच्यात माझा चेहरा भरा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लेन्सच्या कपाटाकडे बघितलं.

"तुझा कशाला?" काका म्हणाले. "तू कुठे इथे असतेस?"

असं लागलं तिला ते! काका टोचून बोलणाऱ्यातले नाहीत, जे खरं ते बोलले होते, म्हणून जास्त लागलं. ती म्हणाली, "नसते. म्हणूनच भरा." आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली.

कॅमेऱ्याला लांबचा झूम लावलेला होता. काकांनी कॅमेरा वर केला, खाली घेतला. दुकानात मागे सरकायला जागा होती, झूमनेही भागलं असतं, मी पंच्याऐंशीचीही देऊ केली. "नको," म्हणाले. पिशवीतून त्यांनी पस्तीसची काढली. झूम उतरवला, आखडला, टोपण लावलं, पस्तीसची बसवली, आणि मुलीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. ती हसायला लागली, तर म्हणाले, "हसू नको, सरळ बघ. हसलं की घेत नाही तो." तिने सरळ बघितलं.

काका बटण दाबेनात. मला वाटलं काही अडलं. पुढे होणार होते, पण दुरुस्तीवाल्याने डोळ्यांनीच थांबा म्हटलं. काका नुसते बघत होते. बाहेर एक बस येऊन गेली.

"झालं का, बाबा?" शेवटी ती म्हणाली. "गाडी आहे माझी."

"झालं," काका म्हणाले, आणि मग बटण दाबलं.

ती गेली. जाताना बाबांना घट्ट धरलं, लवकर येते म्हणाली. सगळीच म्हणतात. काका तिला सोडायला स्टेशनवर गेले नाहीत, तिनेच नको म्हटलं. दारातून ती रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेली, बस आली, ती चढली. काका पाठ रस्त्याकडे करून बसले नाहीत त्या दिवशी, एवढं मात्र बघितलं मी.

पुढच्या शनिवारी ते आले ते झूम लावूनच. दारात उभे राहिले, कॅमेरा डोळ्यांपासून जरा लांब, मागचा पडदा दिसेल असा धरला. थांब्यावर नेहमीसारखी माणसं. मी मागून जाऊन पडद्यावर बघितलं, पांढरी, पांढरी, पांढरी. एक बस गेली, दुसरी गेली. माझ्याने राहवेना. मला भीती वाटली, हे पुन्हा तेच सुरू झालं म्हणून.

"काका," मी म्हटलं, "पोरगी तिकडे कुठल्या कुठे आहे. तिला आज सुटी नाही. आठवड्यापूर्वीच तर येऊन गेली. तिला कशाला ह्या थांब्यावर शोधताय?"

काकांनी कॅमेरा खाली घेतला नाही.

"हिचं एक बरं आहे, ताई," ते म्हणाले. "ही येऊ शकते."

मी आत गेले, स्टूल उचलून आणलं आणि त्यांच्यामागे दारात ठेवलं.